दोघंच, दोनच दिवस आणि बँकॉकची गर्दी

मागच्या अंकात सहज चार ओळी लिहून गेले होते की बँकॉकला गेलात तर टॅक्सीपेक्षा होडीत बसा, तर त्यावर एवढी पत्रं नि मेल आलेत की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण निम्म्या पत्रांत प्रवासापेक्षा घरातली भांडणंच जास्त आहेत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघंही पन्नाशीच्या पुढचे. मुलीकडे मेलबर्नला जाताना बँकॉकला दोन रात्री थांबतोय. ह्यांनी यूट्यूब बघून यादी केलीय. ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण (वाट म्हणजे तिथलं देऊळ), फ्लोटिंग मार्केट, सफारी वर्ल्ड, नदीवरचं क्रूझ डिनर आणि वर पटायाची एक चक्कर. मी म्हणते एवढं होणार नाही. हे म्हणतात एवढे पैसे घालून जातोय ते काय हॉटेलात लोळायला? कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही.

ह्यांना वाईट वाटायला नको म्हणून सांगते, यादी चुकीची नाहीये, ती पाच दिवसांची आहे एवढंच. दोन रात्री म्हणजे हातात येतो दीड दिवस. पहिल्या दिवशी विमानातून उतरून इमिग्रेशनची लाइन, सामान, हॉटेल, आंघोळ ह्यात दुपार होते आणि तिसऱ्या दिवशी विमानाच्या तीन तास आधी परत एअरपोर्ट. पटाया दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, जायला दोन तास, यायला दोन आणि संध्याकाळी शहरात शिरताना ट्रॅफिक लागला तर देवच वाली. यूट्यूबवर दाखवतात ते मोठं फ्लोटिंग मार्केट म्हणजे दाम्नोएन सदुआक, ते पण शहराबाहेर शंभरेक किलोमीटर. ही दोन काटा, सफारी पण काटा, मग जे उरतं ते सगळं नदीच्या काठाकाठाने आहे आणि दीड दिवसात आरामात होतं.

आता आमचीच गोष्ट सांगते, म्हणजे मी हे एवढं ठासून का म्हणते ते कळेल. पहिल्यांदा आम्ही दोघं गेलो तेव्हा हॉटेल घेतलं सुखुमवित रोडला, स्वस्त मिळालं म्हणून, आणि सकाळी नऊला ऐटीत टॅक्सी केली ग्रँड पॅलेसला. सव्वा तास गाडीत. मीटर पळतोय, पुढे लाल दिव्यांची रांग, नवरा दर दोन मिनिटांनी मॅप बघतोय आणि मॅप दर दोन मिनिटांनी पाच मिनिटं वाढवतोय. शेवटी पॅलेसच्या भिंतीशी उतरलो तर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक अतिशय सभ्य गृहस्थ पुढे आला, कुठून आलात, इंडिया का, वा वा, आणि म्हणाला पॅलेस आज सकाळी बंद आहे हो, पूजा आहे, दुपारी उघडेल, तोवर हा टुकटुकवाला तुम्हाला 20 बाटमधे (बाट म्हणजे तिथलं चलन) तीन देवळं दाखवेल. वीस बाट! आम्ही बसलो. एक देऊळ झालं आणि मग थेट हिऱ्यामाणकांचं दुकान. तिथून निघता निघता दुपारचे दोन. पॅलेस अर्थातच सकाळपासून उघडा होता. तिकीट खिडकी साडेतीनला बंद होते, आम्ही धापा टाकत सव्वातीनला पोचलो आणि माझा कुर्ता स्लीव्हलेस निघाला. ओढणी घेतली खांद्यावरून तर गेटवरची बाई मान हलवून नो नो. बाहेर जाऊन टीशर्ट विकत घेऊन येईपर्यंत खिडकी बंद. त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांशी किती गोड बोललो असू ते तुम्हीच समजा.

तर ह्या फजितीतून निघालेला माझा नियम हा, की दोनच दिवस असतील तर बँकॉक रस्त्याने बघायचं नाही. पाण्याने आणि रुळावरून बघायचं.

एअरपोर्ट सुवर्णभूमी असेल (दुसरा पण एक आहे, डॉन मुआंग, तिकिटावर नीट बघा) तर तळमजल्याच्याही खाली एअरपोर्ट रेल लिंक आहे. शेवटच्या फाया थाई स्टेशनपर्यंत अर्धा तास, 45 बाट. तिथे बीटीएस म्हणजे स्कायट्रेन पकडायची, सियामला बदलायची आणि सफान ताक्सिन स्टेशनला उतरायचं. जिना उतरलात की समोर नदी. चाओ फ्राया. हॉटेल ह्या स्टेशनच्या चालत अंतरात घ्या, खोली जरा लहान मिळाली तरी चालेल. मोठ्या बॅगा असतील नि दोघंही दमलेले असाल तर एअरपोर्टवरून टॅक्सी करा, त्यात काही कमीपणा नाही, फक्त संध्याकाळी पाच ते सातमधे उतरत असाल तर नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ह्याच स्टेशनखालच्या साथॉर्नच्या धक्क्यावर जा. तिथे दोन प्रकारच्या होड्या असतात. एक टुरिस्टांची निळ्या झेंड्याची, एक लोकांची नारिंगी झेंड्याची. नारिंगी घ्या. कुठेही उतरा, 16 बाट. हातात पत्र्याची लांब नळकांडी घेतलेली कंडक्टर बाई येते, ती नळकांडी उघडझाप करत खडखड वाजवते, त्यातच नाणी नि त्यातच तिकिटं, झाकणाच्या कडेने तिकीट टर्रकन फाडते. मागच्या टोकाला एक पोरगा उभा असतो दोरी घेऊन. धक्का जवळ आला की तो शिट्ट्या मारायला लागतो, लांब शिट्टी, आखूड आखूड, परत लांब, ती ऐकून पुढचा चालक होडी मागे-पुढे करतो कारण त्याला स्वतःला मागचं काही दिसत नाही. होडी टेकते न टेकते तोच लोक उतरतात, चढतात, दोरी सुटते, निघाली. माझा नवरा त्या शिट्ट्यांच्या इतका प्रेमात पडला की वाट फोच्या धक्क्याला उतरायचंच विसरला आणि आम्ही पुढे जाऊन परत आलो. अशा चुका परवडतात हो. टॅक्सीतल्या नाही परवडत.

ता चांग धक्क्याला उतरलात की ग्रँड पॅलेस. साडेआठला उघडतो, आठ-पंचवीसला दारात असा. तिकीट 500 बाट माणशी, महाग वाटतं पण आत वाट फ्रा केओ म्हणजे पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे ते त्याच्यातच आलं. दोघांनीही पाय झाकलेले, खांदे झाकलेले. बाहेर कुणीही म्हटलं आज बंद तर हसून पुढे चालायचं, थेट गेटपर्यंत. पाचूचा बुद्ध म्हणतात ती मूर्ती खरं तर हिरव्या जेडसारख्या दगडाची आहे, जेमतेम दोन फूट उंच, आणि एवढ्या उंचावर ठेवलीय की ज्यांना मोठी मूर्ती बघायची अपेक्षा असते ते हिरमुसतात. तिला उन्हाळा-पावसाळा-हिवाळा असे तीन पोशाख आणि ते बदलायचा मान राजाचा. पण मूर्तीपेक्षा मला विचाराल तर बाहेरची ओवरी बघा. चहूबाजूंनी भिंतीवर रामकियेन, म्हणजे त्यांचं रामायण, 178 चित्रांमधे. टुरिस्ट लोक सोन्याच्या स्तूपापुढे फोटो काढत असतात आणि इकडे सावली, पंखा नसला तरी बरी हवा आणि भिंतीवर आपला हनुमान, पांढराशुभ्र. त्यांचा रावण तोत्सकान, म्हणजे दशकंठ. आणि हनुमान ब्रह्मचारी अजिबात नाही बरं का, रावणाची मुलगी सुवर्णमत्स्या सेतू बांधताना दगड पळवते म्हणून तिला पकडायला जातो आणि प्रेमातच पडतो. तुमच्या ह्यांना हे चित्र शोधायला लावा, अर्धा तास शांततेत जाईल.

मग चालत वाट फो. निजलेला बुद्ध 46 मीटर लांब, 15 मीटर उंच, आख्खा कुठूनच दिसत नाही, खांबांच्या फटीतून तुकड्या-तुकड्यात बघावा लागतो. तळपायावर शिंपल्यांच्या जडावाची 108 शुभचिन्हं आहेत. मागच्या बाजूला 108 वाडगी ओळीने, त्यात सुटी नाणी टाकत जायचं, टिण् टिण् टिण्. हे काम नवराबायकोने एकामागोमाग करायचं, एकाची वाटी चुकली तर दुसऱ्याने भरायची. (हा नियम माझा, देवळाचा नाही.) ह्याच आवारात मसाजची जुनी शाळा आहे, पायाचा मसाज तिथेच घ्या, चालून पाय गेलेले असतात. ह्या थाई मसाजला 2019 मधे युनेस्कोच्या वारसा यादीत घेतलंय, म्हणजे ह्यांना हॉटेलात लोळल्यासारखं पण वाटणार नाही, सांस्कृतिक कार्यक्रम झाला.

वाट अरुण पलीकडच्या काठावर. ता तियेनच्या धक्क्यावरून छोटी फेरी, पाच मिनिटं पण लागत नाहीत. चिनीमातीच्या फुटक्या बशांचे तुकडे लावून केलेली नक्षी जवळून बघा आणि मग सूर्यास्ताला अलीकडे परत या, कारण वाट अरुण संध्याकाळी दिसतो तो समोरच्या काठावरूनच. झाला दिवस. क्रूझ डिनरचं तुम्ही ठरवा, मला बंद काचेच्या बोटीत कराओके ऐकत जेवायला आवडत नाही, काहींना आवडतं.

प्रश्न: माझा दहावीतला मुलगा म्हणतो बँकॉकचं खरं नाव बँकॉक नाहीच, खूप लांबलचक आहे. खरं का?

उत्तर: खरंय. थाई माणूस बँकॉक म्हणतच नाही, तो म्हणतो क्रुंग थेप. थेप म्हणजे देव. आणि पूर्ण नाव जगातलं सगळ्यात लांब स्थळनाम म्हणून गिनीजमधे आहे. मजा अशी की इंग्रजीत वाचलं तर जीभ वळत नाही आणि देवनागरीत मूळ संस्कृत-पाली शब्द लिहिले की आपल्याला जवळजवळ सगळं कळतं. बघा: क्रुंग देवमहानगर, अमर रत्नकोसिन्द्र, महिन्द्र अयुध्या, महातिलक भव, नवरत्न राजधानी पुरीरम्य, उत्तम राजनिवेशन महास्थान, अमर विमान अवतार स्थित, शक्रदत्तिय विष्णुकर्म प्रसिद्धि. म्हणजे इंद्राने दिलेली नि विश्वकर्म्याने बांधलेली नगरी. एक क्रुंग सोडला तर अडलं का कुठे?

जुनी राजधानी अयुत्थया, म्हणजे अयोध्याच. ती 1767 मधे बर्मी सैन्याने जाळली, मग नदीच्या पश्चिमेला थोनबुरी आणि 1782 मधे पहिल्या रामाने पूर्व काठावर हे शहर वसवलं. तिथले राजे सगळे राम, आत्ताचे दहावे, वज्रालंकरण. मुलाला एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवा, तिथे राजघराण्यावर विनोद, कमेंट, स्टेटस काही नाही. कलम 112 खाली तीन ते पंधरा वर्षं शिक्षा आहे आणि ती खरोखर होते. रस्त्याला पडलेली नोट सुद्धा पायाने अडवायची नाही, तिच्यावर राजा असतो.

आणि सुवर्णभूमी एअरपोर्टवर निघताना इमिग्रेशन झालं की आत भलंमोठं समुद्रमंथन उभं केलंय, देव-असुर-वासुकी सगळे. तिथे फोटो काढायला पाच मिनिटं ठेवा.

प्रश्न: आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी, सासूबाईंच्या वळणामुळे मी कांदा-लसूण पण खात नाही. दोन दिवस ठेपल्यांवर काढायचे का?

उत्तर: ठेपले न्याच, ठेपल्यांना नाही कधी म्हणू नये. पण उपाशी राहायची वेळ येणार नाही, एक अक्षर ओळखता आलं की झालं. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरात เจ असं लिहिलेलं दिसेल, उच्चार 'जे'. हे चिनी-थाई बौद्धांचं व्रताचं जेवण, त्यात मांस-मासे-अंडी तर नाहीतच, दूध नाही आणि कांदा-लसूण पण नाही. म्हणजे तुमच्यासाठीच केल्यासारखं. याओवारातला, म्हणजे चायनाटाऊनमधे, अशी दुकानं बरीच सापडतात. सेव्हन-इलेव्हनच्या पाकिटांवर सुद्धा हे चिन्ह शोधा, आणि सेव्हन-इलेव्हन तिथे दर कोपऱ्यावर आहे.

दुसरा शब्द 'मांसविरत'. हो हो, मांस-विरती, त्यांच्या बोलण्यात मंगसविरत असं ऐकू येतं. ह्याच्यात अंडं-दूध चालतं आणि लसूण तर असतोच, म्हणून तुमच्यासाठी जे, तुमच्या मिस्टरांसाठी मांसविरत.

खरा चोर म्हणजे नाम प्ला, माशाचं पाणी. मीठ घालावं तसं ते सगळ्यात घालतात. तुम्ही नो फिश म्हणाल, तो हो म्हणेल आणि भाजीवर नाम प्ला शिंपडेल, त्याच्या दृष्टीने त्यात मासा कुठंय? पपईचं सोम तम सॅलड दिसायला अगदी निष्पाप, त्यात नाम प्ला पण असतं आणि सुकट पण. पॅड थाईचं तेच. 'माय साय नाम प्ला' एवढं वाक्य पाठ करा, म्हणजे नाम प्ला घालू नका. बाकी आंबा आणि चिकट भात, नारळाच्या दुधातला, हा दोघांनी मिळून एक घ्या आणि मग लगेच दुसरा मागवा. एप्रिल-मेमधे गेलात तर आंबा काय विचारता! पण तेव्हा ऊन पण तसंच, आणि एप्रिलच्या 13 ते 15ला सोंगक्रान असतो, हा शब्द म्हणजे आपली संक्रांत, फक्त सूर्य मेषेत जाण्याची. त्या दिवसांत रस्त्यात सगळे सगळ्यांवर पाणी ओततात, बॅग-मोबाइल प्लास्टिकमधे घातल्याशिवाय बाहेर पाऊल नाही.

प्रश्न: लग्नाला चार महिने झालेत. तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून बँकॉक ठरवलं, तीन दिवस. आता ऑफिसात मित्र डोळे मारतायत, बायकोच्या माहेरी मामांनी विचारलं की बँकॉकच का? कॅन्सल करू का?

उत्तर: अरे कॅन्सल कशाला करतोस? मामांना विचार ते स्वतः कधी गेले होते.

ज्या गोष्टीवरून लोक डोळे मारतात ती तिथे आहे, नाही असं नाही, पण ती पाटपोंग, नाना, सोई काउबॉय अशा ठरलेल्या गल्ल्यांत आहे. करोडच्या वर लोकसंख्येचं महानगर आहे ते, बाकी सगळीकडे लोक टिफिन घेऊन ऑफिसला निघालेले, शाळेची पोरं, भिक्षू. हॉटेल घेताना ह्या नावांच्या जवळचं घेऊ नका, संपला विषय. रस्त्यात लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवून कुणी 'शो' म्हणत मागे लागलं तर थांबायचं नाही, आत फुकट असतं आणि बाहेर पडताना बिल येतं.

तुम्ही तरुण आहात, पायी फिरा. संध्याकाळी याओवारातला जा, एमआरटीचं, म्हणजे भुयारी मेट्रोचं, वाट मांगकॉन स्टेशन. सातनंतर तो रस्ता म्हणजे निऑनच्या पाट्या, धूर, कढया आणि लोकांचा लोंढा, फुटपाथवर स्टूल आणि स्टुलावर अख्खं कुटुंब. तिथे बायकोचा हात धरायला निमित्त शोधावं लागत नाही, सोडलास तर हरवेल. उघड्यावर फार गळ्यात गळे मात्र नको, तिथल्या लोकांना ते आवडत नाही, तोंडावर बोलणार नाहीत एवढंच. एक दुपार सिलोमच्या महाउमादेवी मंदिराला जा, तमिळ लोकांनी बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ, आणि तिथे रांगेत थाई पोरंपोरीच जास्त दिसतील, हातात झेंडूच्या माळा घेऊन. त्याचा फोटो मामांना पाठव.

प्रश्न: वय 68 आणि 65. हिचे गुडघे दुखतात. मुलं म्हणतात एवढ्या गर्दीच्या शहरात दोघंच नका जाऊ. ग्रुप टूर बरी का?

उत्तर: मुलांचं सगळंच ऐकायचं नसतं, पण गुडघ्यांचं ऐकायला लागतं. वर मी नारिंगी होडीचे गोडवे गायलेत ना, ते तुमच्यासाठी नाहीत. ती होडी धक्क्याला पूर्ण थांबत नाही, मधे फट राहते, धक्का पण हलतो आणि होडी पण, आणि मागून लोक ढकलतात. तुम्ही निळ्या झेंड्याची टुरिस्ट बोट घ्या, महाग आहे पण बसायला जागा नि चढा-उतरायला वेळ देतात. किंवा एमआरटीने सनम चाय स्टेशनला या, वाट फोच्या अगदी जवळ, लिफ्ट आहे, आणि ते स्टेशनच आतून राजवाड्यासारखं सजवलंय. बीटीएसला लिफ्ट सगळीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असेलच असं धरू नका, गार्डला विचारा, ते स्वतः सोबत येऊन दाखवतात. वाट अरुणच्या उभ्या पायऱ्या काकूंनी चढायच्या नाहीत. काकांनी पण नाही.

ग्रुप टूर दोन दिवसांसाठी मला नको वाटते. बसमधे बसून ट्रॅफिक बघण्यात निम्मा वेळ आणि मधेच ती दागिन्यांची, मधाची, कातड्याची दुकानं. तुमच्या चालीने एका दिवसात एकच देऊळ झालं तर एकच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, हवा सोसवते. सप्टेंबर-ऑक्टोबर नको, दुपारी पाऊस कोसळतो आणि गल्ल्यांत घोट्याएवढं पाणी. पर्यटक पोलिसांचा नंबर 1155, इंग्रजी बोलतात, दोघांच्याही फोनमधे सेव्ह करा, एकाच्याच नको.

प्रश्न: पैसे, व्हिसा, फॉर्म ह्याबद्दल थोडक्यात सांगाल का? आणि बायकोला चतुचक मार्केट बघायचंच आहे.

उत्तर: व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवर बघा, मित्राचा अनुभव धरू नका. 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी. एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेच्या वर बाट कापतं, म्हणून एकदाच काढा. एअरपोर्टवर पैसे बदलायचे तर वरच्या काउंटरपेक्षा तळाला रेल लिंकजवळच्या काउंटरना भाव बरा मिळतो. व्हेप वगैरे बॅगेत अजिबात नको, तिथे बंदी आहे.

चतुचक शनिवार-रविवारच. तुमचे दोन दिवस मंगळवार-बुधवार असतील तर वाद आपोआप मिटला, नसतील तर तिथे 15 हजारांच्या आसपास स्टॉल आहेत आणि तुम्ही दोघं पहिल्या वीस मिनिटांत हरवणार आहात हे धरूनच चाला. मधोमध घड्याळाचा मनोरा आहे, तिथे किती वाजता भेटायचं ते आत शिरायच्या आधी ठरवा. आवडलेली वस्तू तिथल्या तिथे घ्या, फिरून येऊन घेऊ म्हटलं की ते दुकान परत सापडत नाही. सकाळी जा, दुपारी पत्र्याखाली भट्टी होते.

प्रश्न: ताई, आम्ही जाऊन आलो. सगळं बघितलं, फोटो आठशे. पण खरं सांगू, दोन दिवसात आम्ही दोघं नीट बोललोच नाही, पुढे काय, उशीर झाला, चल लवकर, एवढंच. तुमचं कसं होतं?

उत्तर: तसंच होतं! वर लिहिलंय की पहिल्या वेळचं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शेवटच्या संध्याकाळी काहीच ठेवलं नव्हतं, ते पण शहाणपणाने नाही, नवऱ्याच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून. लुम्पिनी पार्क जवळ होतं. बुद्धाचा जन्म झाला त्या लुंबिनीवरून नाव. बाहेरच्या गाडीवर पेरू घेतला, कापून, सोबत तिखट-मीठ-साखरेची पुडी, आणि तळ्याकाठी बसलो. चारी बाजूंनी उंच इमारती, मधे हे तळं, पळणारे लोक, एका कोपऱ्यात एरोबिक्सचा स्पीकर. नवरा तुटक्या चपलेबद्दल बोलत होता, मी माझ्या आईबद्दल, मग तो पण त्याच्या आईबद्दल, असं बऱ्याच दिवसांनी.

सहा वाजले आणि स्पीकरवर राष्ट्रगीत लागलं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, रोज. पळणारे होते तिथे थांबले, सायकलवाला पाय टेकून उभा, एरोबिक्सच्या बायका हात खाली करून ताठ. आम्ही पण उठलो, नवरा एका पायात चप्पल आणि हातात अर्धी पेरूची फोड. सगळं पार्क पुतळ्यासारखं. आणि तेवढ्यात तळ्यातून एक घोरपड बाहेर आली, तिथे पाण्यातल्या घोरपडी भरपूर आहेत, चांगली माझ्या उंचीएवढी होती, आणि त्या सगळ्या उभ्या माणसांच्या मधून सावकाश चालत रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात गेली. मला हसू आवरेना, नवऱ्याने कोपर मारलं, आणि मग त्यालाच जास्त आलं. राष्ट्रगीत संपेस्तोवर दोघं माना खाली घालून, ओठ चावून उभे.